पाळकसाहेब, आम्हाला अख्खी भाकरी वाढा

नगर जिल्ह्यातल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, पाळकबाई, पंच कमिटीचे सभासद आणि दर रविवारी पोरांना गोळा करून संडेस्कूल घेणाऱ्या ताई-दादांनो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी एका गावात अंगणवाडी सेविका आहे, २२ वर्षं झाली. मंडळीत मला काही पद नाही, महिला मंडळात चटया घालण्यापासून चहापर्यंत जे पडेल ते करते आणि आजपर्यंत कमिटीला एक चिठ्ठीसुद्धा लिहिलेली नाही. पण काल रात्री सासूबाईंना बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा आठवा अध्याय वाचून दाखवला आणि नंतर मला झोपच येईना, कितीतरी दिवस मनात साठलेलं सगळं एकदम वर आलं, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. कोणा एका पाळकांवर राग आहे म्हणून नाही. ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, माझी पोरं जिथे नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाली तिच्यावरच्या मायेने लिहितेय, तेवढं धरून वाचा.

आधी माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. आम्ही दर महिन्याला पोरांची वजनं घेतो, उंची घेतो आणि दंडाला ती पट्टी लावून बघतो, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आलं तर पट्टी लाल, साडेबारापर्यंत पिवळी, त्याच्या वर हिरवी. आता एखादं पोर येतं, आई सांगते, "ताई, हा तर दिवसभर खातच असतो हो." आणि पट्टी लावावी तर पिवळी. मग खोदून खोदून विचारलं की कळतं, सकाळी पाच रुपयाचा एक पुडा, दुपारी एक पुडा, मधे चहात बुडवून बिस्किटं. भूक मरते, पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगाला काहीच लागत नाही. आईची चूक नसते हो, तिला खरंच वाटत असतं की पोर खातंय. वाईट ह्याचंच वाटतं की पट्टी लावेपर्यंत कोणाला पत्ताच नसतो.

वचनाच्या बाबतीत आपल्या मंडळ्यांचं हेच झालंय. सकाळी उठून फोन उघडला की पाच ग्रुपवर पाच वचनं, मागे फुलांचा नाहीतर सूर्योदयाचा फोटो, खाली आमेन आमेन आमेन. कोणाला विचारा, आज बायबल वाचलं का, "हो, ग्रुपवर आलं होतं ना." मीही हेच उत्तर देत होते, कितीतरी वर्षं. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेला ताटातून एक कार्ड उचलायचं, ते वर्षभराचं वचन म्हणून फ्रीजवर चिकटवायचं, झालं. त्या कार्डांवर कधी काही अवघड असतं का? रडणं असतं का, भांडण असतं, देवाला विचारलेला जाब असतो? नसतो. सगळी गोड वचनं, एकेक ओळीची.

आता आमच्या घरातलं सांगते. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्या ३१ डिसेंबरला आत्यांच्या हातात स्तोत्र ९१ चं कार्ड आलं, "कोणतेही अरिष्ट तुझ्यावर येणार नाही." त्यांना काचबिंदूमुळे तेव्हाच कमी दिसायचं, मी वाचून दाखवलं, त्यांनी ते कार्ड कपाळाला लावलं आणि उशीखाली ठेवलं. आणि मार्चमध्ये माझे मोठे दीर अपघातात गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

मातीला आख्खी मंडळी आली, कोणी काही कमी केलं नाही, आठवडाभर आमच्या घरात चूल पेटली नाही इतके डबे आले, ते उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण वचनं मात्र तीच, एका ओळीची. देव सगळं बऱ्यासाठी करतो. रडू नका, विश्वास ठेवा. एक जण तर आत्यांना म्हणाले की जास्त दुःख करणं म्हणजे अविश्वास. आत्यांनी तेव्हा काहीच उत्तर दिलं नाही, पण त्यानंतर त्या मंडळीत यायच्या बंद झाल्या, वर्षभर. ते कार्ड मला एक दिवस चुलीपाशी सापडलं, अर्धं जळलेलं. कोणी विचारलं तर आम्ही सांगायचो डोळ्यांनी दिसत नाही म्हणून येत नाहीत. खरं कारण ते नव्हतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

वाचन सुरू झालं ते असंच, काही ठरवून नाही. आत्यांची दुसऱ्या डोळ्याची पण नजर गेली, टीव्ही कामाचा राहिला नाही, रात्री त्यांना झोप येत नसे. मी म्हटलं वाचून दाखवू का काही, त्या म्हणाल्या, "काय वाचायचं ते वाच, कानाला आवाज राहील." मी रूथ काढलं, चारच अध्याय म्हणून, दुसरं काही डोक्यात नव्हतं. आणि पहिल्याच अध्यायात नामी बेथलेहेमला परत येते, नवरा गेलाय, दोन्ही पोरं गेलीत, बाया विचारतात ही नामीच का, आणि ती म्हणते मला नामी म्हणू नका, मला मारा, म्हणजे कडू, असं म्हणा, सर्वसमर्थाने मला फार कडू दिवस दाखवले, मी भरलेली गेले आणि त्याने मला रिकामी परत आणली. मी तिथेच थांबले कारण मला पुढे वाचवेना. अंधारात आत्यांचा आवाज आला, "परत वाच." मी परत वाचलं. मग त्या म्हणाल्या, "हे बायबलात हाय? खरंच हाय का तू मनचं बोलतीस?" मी म्हटलं आहे आत्या. "मंग मला हे कुणी का नाय सांगितलं?"

पाळकसाहेब, ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही, आणि हे सगळं पत्र मी त्या एका प्रश्नासाठीच लिहितेय.

नंतर आम्ही स्तोत्रं घेतली, रोज रात्री एक, पहिल्यापासून ओळीने, काही न गाळता. तेव्हा मला कळलं की दीडशेतली कितीतरी स्तोत्रं रडण्याचीच आहेत. किती वेळ परमेश्वरा, तू माझ्यापासून तोंड का लपवतोस, असं उघड उघड विचारलंय. आणि ८८ वं स्तोत्र आलं, हेमान एज्राहीचं. बाकीच्या रडण्याच्या स्तोत्रांत शेवटी तरी कुठे उजाडतं, ह्यात तेही नाही, ते अंधारातच संपतं. माझ्या मनात आलं की हे आज गाळावं, आत्यांना त्रास होईल. पण गाळायचं नाही असं ठरलं होतं. वाचून झालं तर आत्या बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "ह्या माणसाला कोणी अविश्वासी म्हणलं न्हाई, त्याचं गाणं देवाच्या पुस्तकात घातलं." त्या रात्री मार्चनंतर पहिल्यांदा त्या मोठ्याने प्रार्थना करून झोपल्या. पुढच्या रविवारी काठी घेऊन मंडळीत आल्या. तुम्हाला सगळ्यांना वाटलं डोळ्यांचं औषध लागू पडलं.

मग तीन दिवसांनी ९१ वं स्तोत्र आलं, ते कार्डवालं. मी घाबरत घाबरत वाचलं. आता ते एकटं नव्हतं ना, मागे ८८ होतं, ८९ होतं, माणसाचं आयुष्य गवतासारखं सांगणारं ९० होतं, आणि ह्या सगळ्यांच्या नंतर "संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन" असं ९१ च्याच शेवटी शेवटी येतं. संकट येईल हे त्याच स्तोत्रात लिहिलंय! कार्डावर वरची ओळ होती, ही नव्हती. पुढे आम्ही मत्तय सुरू केलं तेव्हा चौथ्या अध्यायात माझ्या अंगावर काटा आला. सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो उडी टाक, कारण असं लिहिलंय, देवदूत तुला हातांवर झेलतील. ते वचन कुठलं, तर ह्याच ९१ व्या स्तोत्राचं, ११ आणि १२ वी ओळ. तोडून काढलेलं वचन. आणि प्रभू काय म्हणतो? असंही लिहिलं आहे. असं"ही". म्हणजे एका ओळीवर थांबू नकोस, आणखी पण लिहिलेलं आहे, ते पण बघ. तिन्ही वेळा प्रभूने दिलेलं उत्तर अनुवादमधलं आहे, सहाव्या आणि आठव्या अध्यायातलं. चाळीस दिवस उपाशी असताना त्याच्या तोंडात ते आपोआप आलं कारण ते त्याच्या अंगात मुरलेलं होतं, लहानपणापासून ऐकून ऐकून. ताटातून उचललेल्या कार्डावर ते येत नाही.

आणि काल रात्री आम्ही त्या आठव्या अध्यायापाशी पोचलो. मनुष्य केवळ भाकरीने नाही तर परमेश्वराच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगतो. हे वाक्य तर आपल्या कित्येक चर्चच्या भिंतींवर रंगवलेलं आहे. पण अख्खं वाचलं तर ते मान्नाबद्दल आहे, देवाने रानात इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाबद्दल, त्याने तुला उपाशी ठेवलं आणि मग मान्ना खायला दिला, असं त्याच्या आधी आहे. मान्ना रोज सकाळी वेचायचा होता. प्रत्येकाला त्याच्यापुरता. जास्त साठवला तर दुसऱ्या दिवशी किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची परवानगी. आणि ते नाव पडलं कशावरून तर लोक एकमेकांना विचारायला लागले की हे काय आहे. म्हणजे देवाने दिलेल्या अन्नाचं नावच मुळी प्रश्नावरून पडलंय, ह्यावर मी काल रात्रभर विचार करत होते.

कारण प्रश्नाचा विषय निघालाय तर हेही सांगते. काही वर्षांपूर्वी एका कॉटेज मिटिंगमध्ये, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेत, कुठल्या ते सांगत नाही, एका कॉलेजच्या मुलीने विचारलं की इफ्ताहाने आपल्या लेकीचा बळी दिला, देवाने त्याला थांबवलं का नाही, अब्राहामाला तर थांबवलं. किती खरा प्रश्न होता. तिला उत्तर मिळालं की शंका घेऊ नये, विश्वासाने वाचावं. ती पोरगी त्यानंतर मिटिंगला आली नाही, आता पुण्यात नोकरीला आहे आणि तिची आई मला विचारते, ताई, ही प्रार्थनाच करत नाही हो. त्या पोरीने अख्खा अध्याय वाचला होता म्हणून तर तिला प्रश्न पडला. जे वाचत नाहीत त्यांना कुठला पडतोय. तिला फक्त एवढं जरी म्हटलं असतं की मलाही हे वाचून पोटात गोळा येतो, चल परत एकदा बसून वाचू, तरी खूप होतं.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात बघा, पाणीवेशीसमोरच्या चौकात सगळे लोक जमलेत, पुरुष, बायका, ज्यांना ऐकून समजेल ते सगळे, आणि एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतोय. नुसतं वाचलं नाही तर लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, जमलेल्या लोकांना अर्थ सांगत होते, लोकांना समजेल असं. तेव्हा ते रडले, आणि त्यांना सांगितलं जा, मिष्टान्न खा, ज्याच्याकडे काही नाही त्याला वाटा पाठवा. समजल्यावर रडू आलं आणि समजलं म्हणूनच आनंद केला, दोन्ही एकाच दिवशी. माझी इच्छा एवढीच आहे की असा एक दिवस आपल्याकडे यावा.

कंटाळवाण्या भागाबद्दल तुम्ही म्हणाल की लोक टिकत नाहीत. खरं आहे. दर वर्षी १ जानेवारीला किती जण सुरू करतात, रोज तीन अध्याय, रविवारी पाच, म्हणजे बायबलचे सगळे १,१८९ अध्याय वर्षाच्या आतच होतात, हिशोब बरोबर आहे. उत्पत्तीत मजा येते, निर्गम अर्धा पळतो, मग निवासमंडपाची मापं सुरू होतात आणि जानेवारी संपता संपता लेवीय लागलं की गाडी रुतते. मग अपराधी वाटतं आणि मग बायबलकडे बघायचीच भीती वाटते, कपाटाचं दार उघडावंसं वाटत नाही. मी स्वतः तीनदा असं सोडलंय. म्हणून माझं म्हणणं, शर्यत नको, वर्षात संपवल्याची सर्टिफिकेटं पण नकोत. आम्ही रात्री एकच अध्याय वाचतो, आत्यांना झोप आली तर अर्धाच, पाहुणे असले तर राहतो, दीड वर्षात रूथ, स्तोत्रं, चारही शुभवर्तमानं आणि उत्पत्तीपासून गणना एवढं झालंय. कोणी बघत नाही, कोणी मोजत नाही.

आणि कंटाळवाणं म्हणतात त्याचंही सांगते, गणना सातवा अध्याय. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस वेदीसाठी भेटी आणतात, प्रत्येकाची भेट अगदी सारखी, १३० शेकेल चांदीचं ताट, ७० शेकेलचा कटोरा, दहा शेकेलचं सोन्याचं धूपपात्र, गोऱ्हा, मेंढा, कोकरू. आणि बाराही वेळा सगळं पूर्ण लिहिलंय. ८९ ओळींचा अध्याय. चौथ्या सरदारापाशी मी म्हटलं, आत्या, पुढचं सगळं सेमच आहे, सोडू का? तर म्हणाल्या, "का म्हणून? लग्नात आहेर पुकारत्यात तवा एकाचं नाव घेऊन बाकीच्यांनी बी दिला असं म्हणत्यात का? ज्यानी दिलं त्याचं नाव पुकाराय पाहिजे." आणि खरंच की, आपल्या उपकारस्तुतीच्या सणाला माइकवरून नाव पुकारतात, अमक्याकडून पायलीभर बाजरी, तमकीकडून दोन कोंबड्या, तेव्हा ती म्हातारी कशी सरळ होऊन बसते बघितलंय ना तुम्ही. देवाने बाराही जणांचा आहेर पुकारला, एकालाही "वगैरे"मध्ये घातलं नाही. हे मला कुठल्या संदेशात मिळालं नव्हतं, शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या सासूने मला गणनाचा सातवा अध्याय शिकवला, तोही डोळे गेल्यावर.

आपण कोणाची लेकरं आहोत हे आपण विसरलो असं मला कधीकधी फार जाणवतं. आपल्यातल्या बहुतेकांच्या पणज्या-खापरपणज्यांना ग्रंथाला हात लावायची परवानगी नव्हती, सावली पडली तरी विटाळ. ह्या पुस्तकापायी त्यांच्या हातात पाटी आली. माझे आजोबा चौथी शिकलेले, रात्री कंदिलाच्या उजेडात बोट ठेवून वाचायचे आणि आजी भाकऱ्या थापता थापता पुढची ओळ आधीच म्हणायची, तिला अक्षर येत नव्हतं पण योहानाचे अध्यायच्या अध्याय पाठ होते. आणि पंडिता रमाबाईंचं तर मी दर महिला दिनाला ऐकते, विधवांसाठी काम, शारदा सदन, दुष्काळातल्या मुली, सगळं खरं, पण त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं कशात घातली हे कोणी सांगत नाही. केडगावला, म्हणजे दौंडजवळच्या, आपल्या नगरच्या नाही, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या अडाणी बाईला कळावं म्हणून. आणि ते छापलं कोणी तर तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्याच बायकांनी, खिळे जुळवून. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यानंतरही त्या ते काम करत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या. पोटची लेक गेलेली आई तेव्हा स्तोत्रं वाचत असेल तर कशी वाचत असेल, हे माझ्या आत्यांना बरोबर कळतं. ज्या पुस्तकासाठी त्या बाईने एवढं केलं ते आमच्या घरांमध्ये लग्नात मिळालेल्या प्लास्टिकच्या कव्हरसकट शोकेसमध्ये आहे.

वसईला माझी एक मैत्रीण आहे, कॅथलिक, ट्रेनिंगला एकत्र होतो. आपण प्रोटेस्टंट लोक म्हणतो आम्ही बायबलवाले. तिच्याकडे रोजच्या मिस्साची, म्हणजे त्यांच्या उपासनेची, वाचनं ठरलेली असतात, रविवारची तीन वर्षांच्या चक्राने, एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक, ती लोकलमध्ये उभ्याने फोनवर वाचते आणि मला विचारते, "आज तुमच्याकडे काय होतं गं?" आमच्याकडे काही नव्हतं. आपल्याही मंडळ्यांत पूर्वी नेमलेले पाठ होते की, जुन्या पाळकांच्या काळात बोर्डावर खडूने लिहिलेले असायचे. ते कधी आणि का बंद झालं ते मला माहीत नाही, पण ते बंद झालं आणि कोणाला त्याची उणीव भासली नाही, हे जास्त टोचतं.

तर आता माझी मागणी काय ते स्पष्ट सांगते.

रविवारी शास्त्रपाठ वाचायला "कोणीतरी पुढे या" असं ऐन वेळी म्हणू नका. जो वाचणार त्याला गुरुवारीच सांगा, घरी दोनदा मोठ्याने वाचून येऊ दे. आत्ता काय होतं, वाचणारा अडखळतो, पानं शोधण्यात दोन मिनिटं जातात, मग तीन ओळी वाचून संदेशाला पाऊण तास. पाळकसाहेब, तुमचा संदेश मला आवडतो, मनापासून सांगते, पण तो दहा मिनिटं कमी झाला आणि ती दहा मिनिटं अख्खा अध्याय नीट, सावकाश वाचला तर आत्यांसारख्या ज्या स्वतः वाचू शकत नाहीत त्यांच्या पदरात जास्त पडेल. त्यांच्यासाठी ते आठवड्याचं एकच जेवण असतं.

आणि सूचना देताना, महिला मंडळ बुधवारी, तरुण संघ शनिवारी हे सांगता तसंच सोमवार ते शनिवार कुठले अध्याय वाचायचे तेही सांगा, सगळ्या मंडळीने एकच. मग नळावर, बाजारात, एसटीच्या थांब्यावर भेटलो की "तुमच्याकडे काय होतं गं" ह्याला माझ्याकडे उत्तर असेल. ग्रुपवर फोटोतल्या वचनाऐवजी त्या दिवसाच्या अध्यायाचं नाव टाका, नुसतं नाव, वचन टाकूच नका, म्हणजे पुस्तक उघडावं लागेल.

कॉटेज मिटिंगला प्रश्न विचारू द्या. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, आम्ही तुम्हाला कमी समजणार नाही, उलट जवळचे समजू.

पोरांचं जरा समजून घ्या. इंग्लिश मीडियमची पोरं मराठी बायबल हातात घेतात आणि जोडाक्षरापाशी अडकतात, वर आपण त्यांना रागावतो की मातृभाषा येत नाही. त्यांना सोप्या मराठीतलं द्या, नाहीतर त्यांनी इंग्लिशमधून वाचावं आणि आजीने मराठीतून ऐकावं, एकाच टेबलावर दोन्ही चालतं. माझा धाकटा असंच करतो, तो फोनवर इंग्लिश बघतो, मी मराठी वाचते, आणि मधेच म्हणतो, मम्मी, इथे वेगळं लिहिलंय, मग दोघं बघतो काय वेगळं आहे.

आणि एक वर्ग आहे ज्याचा विचार कोणत्याच कमिटीत होत नाही. आमच्या गावातून दिवाळी झाली की बारा-पंधरा ख्रिस्ती कुटुंबं ऊसतोडीला जातात, मार्च-एप्रिलपर्यंत फडावर, कोपीत. त्यांना रविवार नसतो, नाताळ पण फडावरच. पहाटे तीनला उठून अंधारात निघायचं, रात्री अंग टाकायचं, बरेच जण वाचता न येणारे. पण फोन प्रत्येक कोपीत आहे. मराठी बायबल आवाजात मिळतं, ऐकायचं. जायच्या आधी मंडळीने त्यांच्या फोनमध्ये ते भरून द्यावं, मेमरी कार्डचा खर्च किती येतो, आणि रोजचा अध्याय त्यांनाही कळवावा. रात्री कोपीबाहेर चुलीपाशी एक अध्याय वाजला तर ती मंडळीच झाली ना. मान्ना काय शहरात पडला नव्हता, रानातच पडला होता.

शेवटचं, तारखेसकट मागते म्हणजे विसरायला नको. येत्या १ डिसेंबरपासून लूक घेऊ या. २४ अध्याय आहेत, १ तारखेला पहिला, २४ ला शेवटचा. प्रत्येक घरात, दिवे लागल्यावर, जमेल त्याने मोठ्याने वाचायचा. ज्या घरात वाचणारं कोणी नाही तिथे शेजारच्या घरातलं पोरगं जाईल, संडेस्कूलच्या ताई-दादांनी ती वाटणी करावी, यादी करायला मी येते. नाताळच्या आदल्या रात्री अख्खी मंडळी अम्माऊसच्या वाटेवर असेल, ते दोघं शिष्य तोंड पाडून चाललेत, आणि तो तिसरा, मेलेल्यांतून उठलेला प्रभूच, त्यांना मोशेपासून सुरू करून सगळं शास्त्र समजावून सांगतोय आणि भाकर मोडताना ओळखू येतोय.

आमच्याकडे त्या रात्री आत्या बसलेल्या असतील, जागा भरपूर आहे, तुम्ही कोणीही या. चोविसावा अध्याय पाळकसाहेबांनी वाचावा अशी त्यांची इच्छा आहे, मला सांगायला सांगितलंय.

आपली,
मंडळीतली एक बहीण

ता. क. वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या सामानाच्या खोलीतल्या, कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात मोठ्या अक्षराचं जुनं बायबल पडून आहे, झाडलोट करताना बघितलं, बांधणी सुटलीय पण पानं सगळी आहेत. कमिटीची हरकत नसेल तर मी ते नगरला नेऊन बांधून आणते, माझ्या खर्चाने. तीन-चार म्हाताऱ्या आहेत ज्यांना अजून मोठं अक्षर दिसतं, त्या आळीपाळीने नेतील.